रेल्वे तोफेचं मॉडेल करायचंय? मग आधी गाडी करा, तोफ नंतर

रेल्वे तोफ म्हणजे रुळांवरून चालणाऱ्या गाडीवर बसवलेली मोठी तोफ. तिचं मॉडेल करायला घेतलेला नवा माणूस बहुतेक वेळा पहिला हात नळीला घालतो. साहजिक आहे, नळी लांब असते, देखणी असते, फोटोत तीच आधी दिसते. आणि चाकं, बोग्या (डब्याखालच्या चाकांच्या गाड्या), रूळ वगैरे "बघू नंतर" म्हणून मागे पडतं. माझं म्हणणं नेमकं उलटं आहे आणि हा अख्खा लेख त्याच एका गोष्टीवर उभा आहे: रेल्वे तोफ ही आधी रेल्वेची गाडी आहे, मग तोफ. चाकं रुळावर नीट बसली नाहीत, एखादं चाक जरी हवेत राहिलं, तर वर कितीही सुंदर नळी लावा, मॉडेल खेळण्यासारखंच दिसणार. म्हणून आपण खालून वर जायचं. रूळ, चाकं, बोग्या, मधला गर्डर आणि सगळ्यात शेवटी नळी.

बडोदेकरांना यात एक फायदा आहे, आपण रेल्वेच्या गावातले लोक. 1862 साली खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम नॅरोगेज लाइन टाकली तेव्हा डबे बैल ओढायचे, प्रतापविलास पॅलेसमध्ये 1952 पासून रेल्वेचे अधिकारी ट्रेनिंग घेतात, प्रतापनगरला हेरिटेज पार्क आहे. तिथे जाऊन जुन्या गाड्यांच्या खालची बाजू वाकून बघायची, हा या कामाचा पहिला धडा. ॲक्सल बॉक्स (चाकांच्या ॲक्सलचं, म्हणजे दांड्याचं, टोक ज्यात बसतं तो) कसा असतो, त्याच्यावर पाटे (वजन झेलणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) कसे बसतात, बफर किती जाड असतो, कपलिंगची साखळी कशी लटकते. पुस्तकातल्या फोटोत हे सगळं काळ्या सावलीत बुडालेलं असतं, प्रत्यक्षात हात लावून कळतं. आपल्याकडची नॅरोगेज गाडी आणि जर्मन तोफगाडी एक नाही हे उघड आहे, पण पाटा आणि ॲक्सल बॉक्स वजन कसं उचलतात हे तत्त्व सारखंच आहे, आणि ते एकदा डोक्यात बसलं की ड्रॉइंगवरच्या रेघा आपोआप वाचता येतात.

कोणती तोफ घ्यायची

सगळ्यांना डोरा करायची असते. दुसऱ्या महायुद्धातली जर्मनांची, 80 सेंटिमीटर कॅलिबरची (म्हणजे नळीच्या भोकाचा व्यास), 1350 टनांची, 1942 च्या जूनमध्ये सेवास्तोपोलवर 48 गोळे टाकणारी ती अवाढव्य तोफ. पहिल्या मॉडेलसाठी तिचं नाव सोडून द्या. तिला 40 ॲक्सल म्हणजे 80 चाकं आहेत आणि ती एका रुळावर मावतच नाही, दोन समांतर ट्रॅक लागतात. नवीन माणूस विसाव्या चाकाला कंटाळतो आणि मग डबा माळ्यावर जातो.

त्यापेक्षा क्रुप या जर्मन कंपनीची के-5 घ्या. 1934 पासून तिच्यावर काम सुरू झालं, एकूण 25 बनल्या, कॅलिबर 283 मिलिमीटर, नळी साधारण 21.5 मीटर लांब, वजन 218 टन, गोळा 255 किलोचा आणि पल्ला 62 किलोमीटरच्या आसपास. म्हणजे बडोदा स्टेशनवर उभी केली असती तर गोळा नडियादच्याही पलीकडे पडला असता. फ्रान्सच्या किनाऱ्यावरून इंग्लिश खाडी ओलांडून डोव्हरवर मारा करायला हिचा वापर झाला. पण प्रसिद्ध झाल्या त्या इटलीतल्या दोन, रॉबर्ट आणि लिओपोल्ड. 22 जानेवारी 1944 ला दोस्त सैन्य अँझिओला उतरलं, त्यानंतर या दोघी दिवसा रेल्वेच्या बोगद्यात लपायच्या आणि बाहेर येऊन मारा करून परत आत जायच्या. दोस्त सैनिक त्यांना अँझिओ ॲनी म्हणायचे. जूनमध्ये सिव्हितावेक्किया इथे त्या सापडल्या, लिओपोल्ड जहाजातून अमेरिकेला गेली आणि आजही तिथेच जपून ठेवलेली आहे. आणखी एक के-5 फ्रान्समध्ये ओदिंगाँच्या म्युझियममध्ये उभी आहे. खऱ्या तोफा शिल्लक आहेत म्हणजे रंगीत, जवळून काढलेले फोटो मिळतात, आणि नवख्यासाठी ही केवढी सोय आहे हे कामाला बसल्यावर कळेल.

आणि चाकांचा हिशोब बघा. 218 टन भागिले 12 ॲक्सल, म्हणजे एका ॲक्सलवर साधारण 18 टन. एवढं वजन चांगल्या रुळाला झेपतं, म्हणून के-5 नेहमीच्या लाइनवरून कुठेही जाऊ शकायची. डोराचा हाच हिशोब 34 टनांच्या आसपास जातो, म्हणून तिच्यासाठी खास लाइन टाकावी लागली. 12 ॲक्सल का, याचं उत्तर कळलं की ती चाकं कंटाळवाणी वाटत नाहीत, खरं सांगतो.

स्केल आणि आकडेमोड

स्केल 1/72 घ्या. 1/35 मध्ये ट्रम्पेटर आणि ड्रॅगनचे किट आहेत, सुंदर आहेत, पण नुसती नळीच 61 सेंटिमीटरची होते, फ्लॅटमध्ये ठेवणार कुठे? 1/72 मध्ये हासेगावाचा लिओपोल्डचा किट येतो. तो मिळाला आणि परवडला तर जरूर घ्या, खाली सांगितलेलं चाकांचं आणि रंगाचं काम त्यालाही जसंच्या तसं लागू आहे. पण मी इथे घरी, मिळेल त्या सामानातून बनवायची पद्धत सांगतोय, कारण बाहेरून मागवलेल्या किटची किंमत, कुरिअर, कस्टम हे सगळं धरून आकडा बराच वर जातो आणि कॉलेजच्या मुलांना तो जड होतो.

प्रत्येक खरं माप मिलिमीटरमध्ये घ्यायचं आणि 72 ने भागायचं. नळी 21,540 भागिले 72 म्हणजे 299 मिमी. कॅलिबर 283 भागिले 72 म्हणजे 3.9, आपण 4 मिमी धरू. पूर्ण गाडी साधारण 30 मीटर, म्हणजे मॉडेल 42 सेंटिमीटरच्या आसपास. माणूस पावणेदोन मीटरचा, म्हणजे 24 मिमी. रुळांमधलं अंतर 1435 मिमी, म्हणजे 20 मिमी.

या शेवटच्या आकड्यावर जरा थांबा. आपला डोळा ब्रॉडगेजला सरावलेला आहे, 1676 मिमी. त्याचे 1/72 मध्ये 23.3 मिमी होतात. म्हणून 20 मिमीचा ट्रॅक समोर ठेवला की आपल्याला उगाच अरुंद वाटतो आणि हात आपोआप तो रुंद करायला जातो. करू नका. डोळ्यावर नाही, पट्टीवर विश्वास ठेवा. ॲक्रिलिकची बरोबर 20 मिमी रुंद पट्टी कापून घ्या आणि ती शेवटपर्यंत टेबलावर ठेवा, प्रत्येक वेळी रुळांमध्ये घालून बघायला.

ड्रॉइंग मिळालं की ते 1/72 ला प्रिंट करायचं, आणि इथे झेरॉक्सवाल्याकडे लक्ष द्यायचं. प्रिंटर पानात बसवायला म्हणून चित्र गुपचूप लहान करतो. ड्रॉइंगच्या कोपऱ्यात 100 मिमीची एक रेघ काढून ठेवा, प्रिंट हातात आल्यावर आधी ती मोजा, मगच पैसे द्या. ए-3 कागद 420 मिमीचा असतो, म्हणजे मॉडेल त्यात अगदी जेमतेम बसतं आणि कडा कापली जाते, तेव्हा दोन भागात प्रिंट काढून मध्ये जोडलेलं बरं.

सामान

फाइन आर्ट्स आणि आर्किटेक्चरची मुलं जिथून सामान घेतात ती दुकानं पकडा. मॉडेल बनवणाऱ्यांसाठी युनिव्हर्सिटीचं गाव म्हणजे सोय आहे, सनबोर्ड, माउंट बोर्ड, बाल्सा, ॲक्रिलिक शीट सगळं सुट्टं मिळतं. अर्धा आणि एक मिलिमीटरची पॉलिस्टायरिन शीट मात्र बहुतेक वेळा ऑनलाइन मागवावी लागते. स्टीलची पट्टी, चांगला कटर आणि भरपूर ब्लेड (ब्लेडमध्ये काटकसर करू नका, बोथट ब्लेडनेच बोट कापतं, धारदार ब्लेडने क्वचित), 220 पासून 800 पर्यंतचा पॉलिश पेपर, फेव्हिकॉल, फेव्हिक्विक, सावकाश सेट होणारं अ‍ॅराल्डाइट, एमसील. मोटर रिवाइंडिंगवाल्याकडून अर्ध्या मिलिमीटरची तांब्याची वायर, थोडीशीच लागते. मंगळ बाजारातून आठ नंबरची विणकामाची एक सुई, ती कशाला ते नळीच्या वेळी सांगतो. आणि एक जाड काचेचा तुकडा, साधारण दीड फूट लांब, कडा घासून घेतलेला. घरातली दुसरी कुठलीही वस्तू काचेइतकी सपाट नसते, टेबल सपाट वाटतं पण नसतं.

आता पहिलं काम, रूळ

हो, रूळ आधी. शोकेसमध्ये दिसायला म्हणून तर ते लागतीलच, पण त्याआधी तो आपला साचा आहे, ज्याच्यावर बोग्या जुळवायच्या आहेत.

जर्मन लाकडी स्लीपर 2.6 मीटर लांब, 26 सेंमी रुंद, 16 सेंमी जाड. आपल्या स्केलमध्ये 36 मिमी लांब, 3.6 रुंद आणि 2.2 जाड. आइस्क्रीमच्या काडीची जाडी साधारण 2 मिमी असते, तिच्या उभ्या पट्ट्या कापल्या की स्लीपर तयार. मध्याला मध्य धरून 9 मिमी अंतराने लावा. त्या काळचा जर्मन एस-49 रूळ 149 मिमी उंच असायचा, म्हणजे 2.07 मिमी, आणि मॉडेल रेल्वेमध्ये जो कोड 83 नावाचा रूळ मिळतो त्याची उंची 2.1 मिमी असते. एवढं चपखल माप सहसा मिळत नाही, मिळाला तर तोच घ्या. नाही मिळाला तर 2 मिमी उंचीची प्लास्टिकची एच आकाराची पट्टी चालते.

दोन ट्रॅक करा. एक 20 सेंटिमीटरचा, सरळ, काचेवर चिकटवलेला, फक्त कामासाठी. दुसरा शोकेसचा, तो नंतर.

चाकं आणि बोग्या, इथे वेळ द्या

बोगी म्हणजे इथे डबा नव्हे, डब्याखालची चाकांची गाडी. के-5 ला अशा दोन आहेत, प्रत्येकी 6 ॲक्सल. म्हणजे 24 चाकं, 24 ॲक्सल बॉक्स, त्यांचे पाटे, आणि हे सगळं हुबेहूब एकसारखं हवं. हाताने एकेक करत बसलात तर पहिलं आणि चोविसावं यांत फरक पडणारच, हात थकतो. म्हणून एकच करायचं, मन लावून करायचं, आणि त्याच्या कॉप्या काढायच्या.

ॲक्सल बॉक्स आणि पाटा यांचा एक नमुना प्लास्टिक शीटमधून बनवा. पाट्यासाठी पातळ पट्ट्या एकावर एक, वरची सगळ्यात लांब, खाली एकेक थोडी आखूड किंवा उलट, फोटोत जसं दिसेल तसं. मग त्याचा सिलिकॉनचा साचा. फाइन आर्ट्सच्या शिल्पकलेच्या मुलांना विचारा, ते आरटीव्ही सिलिकॉन (साच्यासाठीचं, ओतल्यावर घट्ट होणारं रबर) कुठून घेतात ते सांगतील, ही मुलं मदत करायला फार तयार असतात असा माझा अनुभव आहे. या भागाची मागची बाजू सपाट आहे म्हणून एकाच बाजूचा उघडा साचा पुरतो, दोन भागांची भानगड नाही. या साच्यातून आधी सहा कॉप्या काढून त्यांचा मिळून एक साचा केलात तर त्यात सहा खड्डे, चार वेळा ओतलं की 24 झाले. ओतायला एपॉक्सी किंवा पीयू रेझिन घ्या, पॉलिस्टर रेझिनचा वास घरात फार त्रास देतो. काहीही असलं तरी खिडकी उघडी, हातात ग्लोव्हज आणि लहान मुलं लांब.

चाकांसाठी तीन रस्ते आहेत. ओळखीत कोणाकडे रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असेल तर ड्रॉइंग काढून 24 प्रिंट करून घ्या, हा सगळ्यात सोपा. दुसरा, वरच्यासारखंच एक नमुना आणि साचा. चाक म्हणजे दोन चकत्या, एक रुळावर चालणारी आणि तिच्या आतल्या अंगाला किंचित मोठी, फ्लँजची, म्हणजे चाक रुळावरून घसरू न देणाऱ्या कडेची. किंचित म्हणजे खरंच किंचित, खऱ्या चाकाचा फ्लँज 3 सेंटिमीटरच्या आसपास असतो, आपल्या स्केलमध्ये अर्धा मिलिमीटरसुद्धा भरत नाही. तिसरा रस्ता, मॉडेल रेल्वेची तयार चाकं. ती 16.5 मिमी गेजची असतात, त्यामुळे ॲक्सलवरून काढून लांब ॲक्सलवर 20 मिमीला बसवावी लागतात, पण गोलाई अगदी पक्की मिळते.

आता महत्त्वाचं, जोडणी. बहुतेक जण आधी बोगीची चौकट पूर्ण करतात, भोकं पाडतात आणि मग त्यात ॲक्सल घालतात. सहा भोकं एका ओळीत एकाच उंचीवर हाताने पाडणं कोणालाही जमत नाही, थोडा तरी फरक राहतोच, आणि मग दोन चाकं टेकतात, चार हवेत. म्हणून उलटं करा. चौकटीच्या बाजूच्या पट्ट्यांमध्ये भोक न पाडता खालून उघडी खाच ठेवा, ॲक्सलपेक्षा थोडी सैल. मग सहाही चाकजोड्या कामाच्या ट्रॅकवर ठेवा, ड्रॉइंगप्रमाणे अंतर राखायला मध्ये पुठ्ठ्याचे सारखे तुकडे. प्रत्येक चाक रुळावर टेकलंय, वजनाने बसलंय, हे बघा. आता वरून चौकट उतरवा, ती दोन्ही बाजूंना सारख्या जाडीच्या ठोकळ्यांवर टेकवा म्हणजे उंची पक्की. ॲक्सल खाचांमध्ये सैल राहतील. मग प्रत्येक खाचेत टाचणीच्या टोकाने अ‍ॅराल्डाइटचा थेंब सोडा आणि रात्रभर हात लावू नका. फेव्हिक्विक इथे अजिबात नको, ते सरकवायला वेळच देत नाही.

दुसऱ्या दिवशी परीक्षा. कागदाचा बारीक तुकडा एकेका चाकाखाली सरकवून बघा, प्रत्येक ठिकाणी तो थोडा अडकला पाहिजे. बारापैकी एखादं चाक कागद सहज जाऊ देत असेल तर तोच जोड सोडवून परत करा, पुढे जाऊ नका. ॲक्सल बॉक्स आणि पाटे या परीक्षेनंतरच बाहेरून चिकटवायचे, कारण आता ते फक्त दिसण्याचं काम करतायत, खरं बसवणं झालेलं आहे. चाकं फिरली नाहीत तरी पहिल्या मॉडेलला चालतं.

मधला गर्डर

दोन बोग्यांवर आडवी पडलेली एक लांब पेटी, तोफेचं सगळं वजन तीच घेते. 2 मिमी सनबोर्डची पेटी करा, वरून अर्ध्या मिलिमीटरच्या प्लास्टिक शीटची कातडी चढवा, म्हणजे कडा तीक्ष्ण येतात. आत दर 4-5 सेंटिमीटरला आडवे पडदे घाला नाहीतर पेटी पिळवटते. चिकटवताना काचेवर ठेवून, वर जड पुस्तकं. दोन्ही टोकांतून एका डोळ्याने बघा, वरच्या कडा समांतर दिसल्या पाहिजेत.

रिव्हेट फक्त फोटोत दिसतात तिथेच द्या, मनाने नाही. शीट चिकटवायच्या आधी मागच्या बाजूने, खाली पुठ्ठा ठेवून, संपलेल्या बॉलपेनने पट्टीला धरून दाबत गेलं की पुढे बारीक टेकाडं येतात. बोग्या गर्डरला खिळ्याने नाही, स्क्रूने जोडा, थोड्या फिरत्या ठेवा. का ते पुढे बेसच्या वेळी येईल.

नळी

इथवर आलात तर अवघड भाग संपला. नळीचे दोन मार्ग. पहिला, मकरपुरा जीआयडीसीत लेथवाल्याकडे ड्रॉइंग घेऊन जा आणि ॲल्युमिनियममध्ये करून घ्या. लांब बारीक दांडा लेथवर थरथरतो, म्हणून एकसंध न सांगता दोन तुकड्यांत सांगा, मागचा जाड भाग वेगळा आणि पुढची निमुळती नळी वेगळी, जोड नेमका जिथे खऱ्या नळीला पायरी आहे तिथे.

दुसरा मार्ग घरचा आणि मला जास्त आवडणारा, कागदाची नळी. आठ नंबरची विणकामाची सुई 4 मिमीची असते, म्हणजे आपल्या कॅलिबरइतकीच, आणि ए-4 कागदाची लांब बाजू 297 मिमी, म्हणजे आपल्या 299 च्या नळीला दोनच मिमी कमी, ते तोंडाशी एक बारीक कडी लावून भरून निघतात. सुईवर कागद गुंडाळायचा, पण चौकोनी नाही, एका बाजूला रुंद आणि दुसऱ्या बाजूला अरुंद कापून, म्हणजे मागे जास्त वेढे आणि पुढे कमी, नळी आपोआप निमुळती होते. किती रुंद, याचा हिशोब असा: बाहेरच्या व्यासाचा वर्ग वजा आतल्या व्यासाचा वर्ग, गुणिले 0.785, भागिले कागदाची जाडी. समजा ड्रॉइंगवर मागे 12 मिमी आणि तोंडाशी 6 मिमी मोजलं. मागे 144 वजा 16 म्हणजे 128, गुणिले 0.785 म्हणजे 100, साध्या झेरॉक्स कागदाची जाडी 0.1 मिमी, म्हणजे साधारण 1000 मिमी कागद. तोंडाशी 36 वजा 16 म्हणजे 20, तो हिशोब येतो 157 मिमी. ए-4 ची पानं कडेला कड लावून तेवढी पट्टी जोडा, तिरकी कापा, पातळ फेव्हिकॉल हलक्या हाताने लावत घट्ट गुंडाळा. तुमचे आकडे तुमच्या ड्रॉइंगवरून घाला, हे फक्त पद्धत दाखवायला आहेत. मधला भाग किंचित फुगीर येईल, गणितच तसं आहे, तो पॉलिश पेपरने उतरवायचा.

सुई बाहेर काढू नका, आतच राहू द्या, नळी कधी वाकणार नाही. फक्त तोंडापासून एक-दीड सेंटिमीटर आत तिचं टोक राहील असं बघा, म्हणजे पुढून बघताना खरं भोक दिसतं. पूर्ण वाळल्यावर हार्डवेअरच्या दुकानातला सँडिंग सीलर दोन-तीन हात, मध्ये घासत. कागद लाकडासारखा कडक होतो आणि रंगाखाली धातूच वाटतो. काही जण सीलरऐवजी फेव्हिक्विक पाजतात. ते कागदात आणि कापसात शिरलं की गरम होतं आणि डोळ्यांना झोंबणारा धूर येतो, म्हणून मी ते सुचवत नाही.

नळी वरखाली व्हायला हवी असेल तर आडव्या पितळी दांडीवर बसवा आणि दांडीच्या दोन्ही टोकांना सायकलच्या वॉल ट्यूबचा बारीक तुकडा चढवा. रबराच्या पकडीमुळे नळी ठेवाल तिथे राहते. खरी तोफ 50 अंशांपर्यंत उचलायची, त्याच्या वर नेऊ नका, चुकीचं दिसतं.

बारीकसारीक

मागचा डेक, त्यावर गोळा उचलायची छोटी क्रेन (255 किलोचा गोळा हाताने कोण उचलणार), कडेचे कठडे तांब्याच्या वायरचे, शिडी, बफर, कपलिंग. क्रेनच्या दोरासाठी उत्तरायणानंतर फिरकीवर उरलेला साधा दोरा, मांजा नको. यावर फार लिहीत नाही, फोटो बघत जायचं आणि करत जायचं. फक्त एक, कठडे सगळ्यात शेवटी लावा, नाहीतर रंगवताना दहा वेळा मोडतात.

रंग

आधी ऑटोचा राखाडी स्प्रे प्रायमर. प्रायमर मारला की जोडांमधल्या फटी, फेव्हिकॉलचे डाग सगळं उघडं पडतं, ते तेव्हाच एमसीलने भरून घासायचं. बडोद्याच्या हवेचं भान ठेवा. पावसाळ्यात दमट दिवशी स्प्रे मारला की पांढरट धुकं धरतं, आणि मे महिन्याच्या दुपारी बेचाळीस डिग्रीत रंग पृष्ठभागावर पोचायच्या आतच वाळून खरखरीत बसतो. उन्हाळ्यात सकाळी लवकर, पावसाळ्यात उघडीप असेल तेव्हाच. सगळ्यात उत्तम दिवाळीनंतरचे दिवस.

रंग कोणता? युद्धाच्या सुरुवातीची तोफ दाखवायची असेल तर गडद राखाडी, आरएएल 7021 (आरएएल म्हणजे रंगांना क्रमांक द्यायची जर्मन पद्धत). फेब्रुवारी 1943 नंतर जर्मन सैन्याने मूळ रंग बदलून गडद पिवळा केला, आरएएल 7028, आणि त्यावर तपकिरी 8017 आणि हिरवट 6003 चे पट्टे. अँझिओची लिओपोल्ड 1944 ची, तेव्हा हाच पिवळा. कॅमलच्या ॲक्रिलिकमध्ये यलो ऑकर, त्यात पांढरा आणि अगदी थोडा रॉ अंबर, डोळ्याने जुळवत जायचं. खऱ्या रंगापेक्षा एक छटा फिकट ठेवा, लहान वस्तूवर गडद रंग जास्तच काळा भासतो.

मळवणं मात्र रेल्वेच्या पद्धतीने करा, रणगाड्याच्या नाही. रणगाड्याला चिखल लागतो, रेल्वेला ब्रेकची लालसर तपकिरी धूळ, आणि ती खालून वर जाते, चाकांवर आणि बोग्यांवर दाट, गर्डरच्या खालच्या कडेला विरळ, वर जवळजवळ नाही. सॉफ्ट पेस्टल खडू घासून केलेली भुकटी किंवा गाळलेली विटेची भुकटी, सुक्या ब्रशने. ॲक्सल बॉक्सच्या झाकणाखाली वंगणाचा काळपट ओघळ. रुळाच्या बाजू गंजलेल्या, वरचा माथा चकचकीत. माथ्यावरचा रंग पॉलिश पेपरने काढा आणि 6बी पेन्सिल फिरवा, लगेच जीव येतो.

बेस, आणि वळण का

12 मिमी प्लायवूड, साधारण 55 बाय 15 सेंटिमीटर. आता तो दुसरा ट्रॅक टाका, आणि तो किंचित वळणाचा टाका. कारण के-5 ची नळी गाडीवर डावीउजवीकडे जेमतेम एखादा अंशच हलायची. मग नेम कसा धरायचे? वळणदार लाइनवर अख्खी गाडी पुढेमागे करून. वळणावर जिथे गाडी उभी राहील तिकडे नळीचं तोंड, एवढं साधं. किंवा मग गोल टर्नटेबलवर चढवून पूर्ण फिरवायचे. वळण बघून जाणकार माणूस लगेच ओळखतो की करणाऱ्याला तोफ कळलेली आहे. आणि म्हणूनच बोग्या स्क्रूवर फिरत्या ठेवायला सांगितलं, वळणावर दोन्ही बोग्या आपापल्या दिशेला थोड्या वळतात आणि गर्डर सरळ राहतो, त्या फरकातच खरी रेल्वे दिसते.

खडी म्हणून ओरसंग नदीची जाड रेती आणा, धुवून वाळवा, चहाच्या गाळणीतून गाळा, आणि वर उरलेल्यातली अर्ध्या ते एक मिमीची घ्या. खरी खडी 3 ते 6 सेंटिमीटरची असते, हिशोब बरोबर जुळतो. पसरून झाली की ड्रॉपरने पाणी घातलेला फेव्हिकॉल सोडा, त्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब, म्हणजे तो रेतीत शिरतो, वर गोळे होत नाहीत. मागे बोगद्याचं तोंड करायचं असेल तर थर्माकोल चालेल, पण स्प्रे मारायच्या आधी त्याला फेव्हिकॉलचे दोन जाड हात द्या, नाहीतर स्प्रेने थर्माकोल विरघळून खड्डे पडतात. फेव्हिक्विकनेही तेच होतं.

बाजूला 24 मिमीचे दोन-तीन माणसं उभी करा, त्याशिवाय बघणाऱ्याला आकाराचा अंदाज येत नाही. पाटीवर नाव, साल, कुठे वापरली आणि कोणाविरुद्ध, एवढं स्पष्ट लिहा: "के-5 लिओपोल्ड, 28 सेंमी, अँझिओ, इटली, 1944". घरी येणारी मुलं विचारतातच, त्यांना ही कशासाठी बनवली होती आणि तिच्या समोर कोण होतं हे सांगता आलं पाहिजे.

वर ॲक्रिलिकची पेटी हवीच, कारण नळी कागदाची आहे आणि कसरीला कागद आवडतो. आत सिलिका जेलच्या दोन पुड्या टाका, दर पावसाळ्यात बदला, आणि पश्चिमेच्या खिडकीसमोर ठेवू नका, उन्हाने सनबोर्ड वाकतो. पेटी थोडी लांब करून घेतलीत तर पुढे मागच्या बाजूला दारूगोळ्याचा एक डबा जोडता येतो, त्याच्या चाकांसाठी तुमचा साचा तयारच आहे.